पायाखालची सावली : वऱ्हाडातला उन्हाळा आणि मुलांची सुट्टी

मे महिन्याच्या २४ तारखेच्या सुमारास अकोल्यात आणि २५ तारखेच्या सुमारास अमरावतीत भरदुपारी एक गंमत घडते. अंगणात किंवा गच्चीवर स्टीलचा पेला उपडा ठेवायचा, शेजारी एक काठी सरळ उभी रोवायची आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. सकाळपासून आखडत आलेली सावली बारा वाजून गेले की अगदी बुडाशी येते. अमरावतीत साधारण १२ वाजून १६ मिनिटांनी आणि अकोल्यात १२ वाजून १९ मिनिटांनी ती दिसेनाशी होते. पोरं अंगणात उभी राहून स्वतःची सावली शोधतात, तर ती पायांखाली दडलेली असते.

याला शून्य सावली दिवस म्हणतात. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गावाला वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आपल्याकडे दुसरी वेळ जुलैत येते, पण तेव्हा आभाळ झाकलेलं असतं. म्हणून मे महिन्यातली वेळच खरी हाताशी लागते. तळकोकणात हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि मग सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकतो. अकोल्याहून अमरावतीला पोहोचायला त्याला एक दिवस लागतो, तिथून चिखलदऱ्याला पोहोचायला आणखी तीन. दिल्लीच्या मुलांना मात्र हा दिवस कधीच दिसत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

पण सूर्य डोक्यावर यायला बारा वाजून वर सोळा मिनिटं का लागावीत? आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात आणि ती रेघ आपल्या बरीच पूर्वेला, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाते. तिथून एकेक अंश पश्चिमेला यायला सूर्याला चार मिनिटं लागतात. अमरावती आणि अकोला यांच्यात पाऊण अंशाचं अंतर आहे, म्हणून दोन्हीकडच्या माध्यान्हीत तीन मिनिटांचा फरक पडतो. सहावीच्या भूगोलातले अक्षांश-रेखांश एका पेल्याने समजतात.

याच दिवसांना आपले लोक नवतपा म्हणतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तो २५ मेच्या आसपास आणि तिथून पुढचे नऊ दिवस सर्वांत कडक मानले जातात. पंचांगातली ही तारीख आणि सावली नाहीशी होण्याची तारीख वऱ्हाडात जवळजवळ एकच आहे. सूर्याची किरणं सरळ उभी पडत असतात, दिवस सव्वातेरा तासांचा झालेला असतो, पाऊस अजून पोहोचलेला नसतो. आजीने सांगितलेला नवतपा आणि शाळेत शिकवलेलं खगोलशास्त्र अंगणातल्या त्या काठीपाशी एकत्र येतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरांना न्यायचं कुठं, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक घरात निघतो. एकतर सुट्टी मोठी. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तर विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात. दुसरं म्हणजे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि कित्येकदा ओलांडतो. मग मुलं कूलरसमोर मोबाइल घेऊन बसतात आणि सुट्टी संपते. माझं म्हणणं असं आहे की वऱ्हाडात सहल ठरवताना किलोमीटर आधी मोजू नयेत, वेळ आधी मोजावी. कुठं जायचं हे नंतर ठरवलं तरी चालेल, केव्हा जायचं हे आधी ठरलं पाहिजे. वेळ साधली तर हाच उन्हाळा मुलांना जितकं दाखवतो तितकं दुसरा कोणताच ऋतू दाखवत नाही.

इतकं ऊन येतं कुठून?

अकोला पूर्णा नदीच्या खोऱ्यात वसलं आहे. उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे हे पसरट, काळ्या मातीचं खोरं. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे त्याची थंडावा देणारी हवा इथवर येत नाही. उन्हाळ्यात वायव्येकडून येणारे वारे कोरडे असतात. काळी माती ऊन शोषते आणि आभाळात ढग नसल्याने दिवसभर कशाचाच आडोसा नसतो.

पण कोरडेपणाचा एक मोठा फायदा आहे आणि मुलांना तो घरातच दाखवता येतो. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते सुमारे ५८० कॅलरी उष्णता सोबत घेऊन जातं. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, उडतं आणि आतलं पाणी गार होतं. कूलरचं तंत्र हेच. हवा जितकी कोरडी तितकं पाणी झपाट्याने उडतं, म्हणून मे महिन्यात अकोल्याचा कूलर खोली गार करतो आणि जूनमध्ये पावसाची हवा आली की तोच कूलर अंग चिकट करतो. मुंबईच्या दमट हवेत तर त्याचा उपयोगच नाही.

प्रयोग करायचा तर हवेचं तापमान मोजणारे दोन साधे तापमापी घ्या. एकाच्या टोकाला ओल्या सुती चिंधीची पट्टी गुंडाळा आणि दोन्ही सावलीत, वाऱ्याच्या झोतात टांगा. पंधरा मिनिटांनी ओल्या पट्टीतला पारा दहा-बारा अंशांनी खाली उतरलेला दिसेल. हवा फार कोरडी असेल तर याहूनही खाली जाईल. रोज दुपारी ही दोन्ही तापमानं वहीत लिहून ठेवायला सांगा. जून उजाडला की दोन आकड्यांमधलं अंतर कमी होऊ लागतं. पाऊस जवळ आल्याची ती खूण असते, आणि ती मुलांनी स्वतः हेरलेली असते.

पहाट : साडेपाच ते साडेआठ

मे महिन्यात बाहेर पडायचे खरे तास तीनच. सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो, नऊ वाजता ऊन टोचायला लागतं. त्या तीन तासांत दोन्ही शहरांत पुष्कळ काही आहे.

अमरावतीत एक सकाळ परकोटासाठी ठेवा. जुन्या शहराभोवतीची ही भिंत निजामाच्या राजवटीत, १८०७ मध्ये बांधायला घेतली, कारण इथल्या श्रीमंत व्यापाऱ्यांना पेंढाऱ्यांचं भय होतं. भिंतीला पाच वेशी आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे माणसांना ये-जा करण्यापुरता लहान दरवाजा. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावं मुलांनी रिक्षावाल्याच्या तोंडून शंभरदा ऐकलेली असतात. ती खरोखरच्या दरवाजांची नावं आहेत हे बहुतेकांना माहीत नसतं. पायी फिरून वेशी मोजायच्या, भिंत कुठं शाबूत आहे आणि कुठं घरांच्या मागे लपली आहे ते कागदावर काढायचं. बाजार उघडायच्या आधी हे काम होतं आणि परत येताना नाश्त्याला गरम कचोरी मिळते.

दुसरी सकाळ वडाळीची. शहराला लागून असलेले वडाळी आणि छत्री हे दोन्ही तलाव पाण्याच्या गरजेपोटी इंग्रजांच्या काळात बांधले गेले. उन्हाळ्यात पाणी आटून काठ उघडे पडतात आणि तेव्हाच पक्षी पाहायला सोपं जातं. उथळ पाण्यात मासे कोंडले जातात, म्हणून बगळे, पाणकावळे आणि खंड्या तिथं गोळा होतात. वडाळीलाच वन विभागाचं बांबू उद्यान आहे. बांबू हे गवतच आहे, हे मुलांना आधी सांगून टाकावं आणि मग चाळीस फूट उंच गवताखाली उभं करावं. प्रत्येक जातीची पेरं, जाडी आणि रंग निराळा असतो. हात लावून पाहण्यासारखी ही जागा आहे.

खेळाची आवड असलेल्या मुलांसाठी अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या या आखाड्याच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं जगापुढे केली होती. ज्या मैदानावर आपलं पोरगं घाम गाळतं, तिथून माणसं नव्वद वर्षांपूर्वी जहाजाने युरोपात गेली होती, ही गोष्ट त्याला सांगण्यासारखी आहे. मल्लखांब पाहिला नसेल तर तो जरूर दाखवा. गुळगुळीत लाकडी खांबावर शरीराची पकड फक्त घर्षणावर टिकते. एरंडेल तेल लावलेल्या खांबावर घसरायचं किती आणि थांबायचं कुठं, हे त्या लहान पोरांना पुस्तकाशिवाय कळलेलं असतं.

अकोलेकरांनी बाळापूरला जावं. अंतर २५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सहाला निघून नऊला घरी परत. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूरचा किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याच्या काळात त्याचं काम सुरू झालं आणि १७५७ मध्ये ते पुरं झालं. जवळच नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. चौथीच्या इतिहासात पुरंदरचा तह शिकलेल्या प्रत्येक मुलाला हे नाव पाठ असतं. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांशी तह करणारा तो सेनापती आपल्या जिल्ह्यातून गेला होता, त्याच्या नावाची दगडी छत्री इथं अजून उभी आहे, हे कळल्यावर मुलं त्या खांबांना वेगळ्याच नजरेने हात लावतात.

काटेपूर्णा हे दुसरं ठिकाण. अकोला शहराला पाणी पाजणारं महानचं धरण आणि त्याभोवतीचं अभयारण्य असा हा परिसर. साग आणि धावड्याच्या रानात भेकर आणि चौसिंगा राहतात. चौसिंगा हे हरिणासारखं दिसणारं लहान जनावर, नराच्या डोक्यावर चार शिंगं असलेलं. जगात रानातल्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला अशी चार शिंगं कायम नसतात. तो दिसेलच असं नाही, पण नळाचं पाणी कुठून येतं हे मात्र नक्की दिसतं. उतरलेली पातळी आणि भिंतीवरच्या ओलीच्या जुन्या रेघा पाहून आलेलं मूल घरी नळ उघडा सोडत नाही.

दुपार : सावलीतली कामं

शून्य सावलीची ती थोडी मिनिटं सोडली तर अकरा ते पाच मुलांना घरात ठेवायचं हे ठरलेलं. पण घरात म्हणजे रिकामं नाही. वऱ्हाडातली सगळ्यात जुनी उन्हाळी कार्यशाळा गच्चीवर भरते, ती कुरडयांची. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून गाळायचे. चोथा वर राहतो आणि पांढरा चीक तळाशी बसतो. हा चीक म्हणजे गव्हातलं पिठूळ सत्त्व, पाण्यात न विरघळणारं आणि पाण्याहून जड, म्हणून तळ गाठणारं. मीठ, हिंग घालून तो शिजवला की दाणे फुगून घट्ट, पारदर्शक होतात. पहिली वाटी गरम चीक तूप घालून लेकरांच्या हाती, आणि उरलेला सोऱ्यातून लुगड्यावर किंवा प्लास्टिकच्या कागदावर. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात दोन दिवसांत कुरडई खडखडीत वाळते आणि बुरशी धरत नाही. पुढे तेलात टाकली की तिच्यात उरलेला ओलावा क्षणात वाफ होतो आणि ती फुलते. मुलांना सोऱ्या फिरवू द्या. वाकड्या कुरडयाही तितक्याच कुरकुरीत होतात.

दुसरं दुपारचं काम पाणवठ्याचं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग मेळघाटात पाणवठ्यांजवळ मचाणं उघडतो आणि निसर्गप्रेमी माणसं चांदण्यात रात्रभर बसून पाण्यावर येणारी जनावरं मोजतात. उन्हाळ्यात रानातलं पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, प्राणी तिथं येणारच, म्हणून ही वेळ निवडलेली. घरच्या मुलांनी हेच काम खिडकीतून करावं. मातीचं पसरट भांडं सावलीत, मांजराला उडी मारता येणार नाही अशा जागी ठेवायचं, पाणी दोन बोटं खोल, मधे एक दगड. रोज पाणी बदलायचं, भांडं घासायचं. मग तासभर गप्प बसून नोंद ठेवायची. चिमणी, साळुंकी, बुलबुल, होला, दयाळ, सातभाई आणि एखाद्या भाग्याच्या दिवशी तांबट. कोण आधी आलं, कोणी अंघोळ केली, कोणी कोणाला हाकललं. आठवड्याची वही भरली की मुलाला आपल्याच अंगणाची ओळख नव्याने होते.

आणि वाचनालयं आहेत. अकोल्याचं बाबुजी देशमुख वाचनालय, दोन्ही जिल्ह्यांची शासकीय ग्रंथालयं, गावोगावची सार्वजनिक वाचनालयं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून विदर्भाच्या रानांत वर्षानुवर्षं राहिले. त्यांची 'रानवाटा' आई-वडिलांनी मोठ्याने वाचावी आणि मुलांनी ऐकावी. पुढच्या आठवड्यात मेळघाटात जायचं असेल तर यापेक्षा चांगली तयारी नाही.

एक दिवस डोंगरावर

सबंध सुट्टीत एक मोठी सहल करायची असेल तर ती सातपुड्यात करा. अमरावतीहून परतवाड्यामार्गे चिखलदरा सुमारे ८० किलोमीटर. अमरावतीची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटर आणि चिखलदऱ्याची १,११८. वर जाणारी हवा पसरते आणि गार होते, म्हणून हजार मीटरला साडेसहा अंश, आणि कोरड्या दुपारी त्याहूनही जास्त, असं तापमान उतरत जातं. तो दुपारचा तापमापी सोबत घ्या आणि घाटात दर पाच किलोमीटरला गाडी सावलीत थांबवून आकडा लिहा. अमरावतीत ४४ असेल तर वर ३७-३८ मिळेल. दुपारी तिथंही ऊन असतंच, पण संध्याकाळ होताच वारा सुटतो आणि रात्री पांघरूण लागतं.

चिखलदऱ्याला पंचबोल पॉइंटवर मुलं हाका मारतात आणि दरी उत्तर देते. इथं मोबाइलचं स्टॉपवॉच उपयोगी पडतं. टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकू येईपर्यंतची वेळ मोजा. उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो आणि त्याला जाऊन परत यायचं असतं. म्हणून सेकंदांना ३५० ने गुणायचं आणि निम्मं करायचं. दोन सेकंद लागले तर समोरचा कडा ३५० मीटरवर. दरी न ओलांडता तिची रुंदी मोजल्याचा आनंद मुलांच्या चेहऱ्यावर दिसतो. या उंचीवर कॉफीची झाडं वाढतात, तीही दाखवा. आणि भीमकुंडापाशी कीचकवधाची गोष्ट सांगा, कारण लोक चिखलदऱ्याचं नावही कीचकाशी जोडतात.

जवळच गाविलगड आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवलं आणि अवघ्या सोळा दिवसांनी, १५ डिसेंबरला, गाविलगड घेतला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. वऱ्हाडची दोन ठिकाणं युरोपच्या इतिहासाशी अशी बांधलेली आहेत. अकोटकडच्या लोकांना नरनाळा जवळ पडतो. शहानूर गावातून वर चढलं की १४८७ मध्ये बांधलेला महाकाली दरवाजा लागतो. त्यावरची नक्षी आणि अक्षरं पाहायला सकाळचं तिरपं ऊन सगळ्यात चांगलं. गडावरची तळी आणि टाकी पाहताना मुलांना विचारावं, इतक्या उंचीवर पाणी आलं कुठून? उत्तर एकच, पावसाचं साठवलेलं.

मेळघाट १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. सेमाडोहचं निसर्ग माहिती केंद्र आणि सिपना नदीकाठचं कोलकास ही मुलांना घेऊन जाण्याजोगी ठिकाणं. वाघ दिसेल असं आश्वासन मुलांना देऊ नये, तो दिसला नाही तर उरलेलं रान त्यांना दिसेनासं होतं. त्यापेक्षा रानपिंगळ्याची गोष्ट सांगावी. हे लहान घुबड १८८४ नंतर कोणा अभ्यासकाला दिसलं नव्हतं. ते नामशेष झालं असं मानलं जात होतं आणि १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, ते शहाद्याजवळ सापडलं. पुढे मेळघाटातही ते आढळलं आणि आता इथलं रान त्याचं महत्त्वाचं घर आहे. बाकी घुबडांसारखं ते रात्रीचं नाही, दिवसा वावरतं. चैत्र-वैशाखात कोरकू बाया-पोरं पहाटे मोहाची फुलं वेचतात, टेंभरं पिकतात, चारोळीची जांभळट फळं येतात. पानगळीने रान उघडं झालेलं असल्याने नजर दूर जाते. ज्या रानाला आपण वाळलेलं म्हणतो ते रानातल्यांच्या दृष्टीने सुगीचं असतं.

वावरातली दुपार टाळून संध्याकाळ

मामाचं वावर असेल तर त्याहून मोठं सहलीचं ठिकाण नाही. मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडतात. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते, म्हणून ती फाटते. भेगेत तुरीची वाळकी काडी सोडून खोली मोजायला लावा, हातभर काडी आत जाते. पहिला पाऊस याच भेगांतून थेट खाली उतरतो, आणि वरची माती खाली पडून जमीन आपोआप खालीवर होते.

मोर्शी-वरुडकडे संत्र्याची बाग असेल तर पोरं विचारतील, मामा झाडांना पाणी का देत नाहीत? मामा सांगतील, ताण दिलाय. मृग बहार धरायचा असतो तेव्हा उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. झाड पानं गाळतं, वाढ थांबवतं, फांद्यांत अन्न साठवतं आणि जूनच्या पावसासरशी एकदम फुलतं. त्या फुलांची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. झाडाला तहानेचा काळही कामाचा असतो, हे शेतकऱ्याने निरीक्षणातून ओळखलेलं शास्त्र आहे.

ऊन उतरलं की गोवऱ्यांच्या आरावर रोडगे लागावेत. कणकेचे गोळे, एकात एक थर दिलेले, राखेत भाजलेले, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पोरांनी गोवऱ्या रचायच्या, राख झटकायची. गावरान आंब्याचा रस असला तर जेवणाला दुसरं काही लागत नाही.

रात्र : गच्चीवरचं आभाळ

वऱ्हाडातली मे महिन्याची रात्र कोरडी आणि निरभ्र, गच्चीवर गादी घातली की आभाळाचं पुस्तक उघडं. नऊच्या सुमाराला उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. त्यांच्या शेपटीची वक्ररेषा तशीच पुढे नेली की नारिंगी झाक असलेली स्वाती भेटते आणि आणखी पुढे पांढरीशुभ्र चित्रा. रात्र चढली की आग्नेयेला विंचवाच्या आकारात लालसर ज्येष्ठा वर येते. महिन्यांची नावं इथूनच आली. चैत्रात पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ असतो, वैशाखात विशाखेजवळ, ज्येष्ठात ज्येष्ठेजवळ. पौर्णिमेच्या रात्री मुलाला चंद्राशेजारची चांदणी ओळखायला सांगा, म्हणजे कोणता महिना चालू आहे हे त्याला कॅलेंडर न पाहता सांगता येईल. आजी-आबाजींना हे येत असतं. त्यांना विचारायला मात्र मुलांना पाठवावं लागतं.

काळजी

उन्हात मजा तेव्हाच, जेव्हा नियम पाळले जातात. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि खेळाच्या नादात त्याला तहान कळत नाही. म्हणून मागेल तेव्हा पाणी देण्यापेक्षा दर अर्ध्या तासाला पाजावं. ताक, कैरीचं पन्हं, आंबील, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी हे सगळं उपयोगी. खिशातला कांदा राहू द्या, पण पोटातलं पाणी विसरू नका. सुती, सैल कपडे आणि डोक्याला दुपट्टा. मुलाला गरगरलं, ओकारी झाली, अंग तापून कोरडं पडलं किंवा ते असंबद्ध बोलू लागलं तर सावलीत आडवं करा, ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला आणि वेळ न घालवता दवाखान्यात न्या. बंद गाडीत मुलाला पाच मिनिटंही एकटं ठेवू नका. बागेतली लोखंडी घसरगुंडी दुपारी भाजते, बसवण्याआधी स्वतःचा हात लावून पाहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं पाण्याचं. दर उन्हाळ्यात आपल्याकडे धरणात, डोहात, शेततळ्यात मुलं बुडतात. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ असतो, काठ एकाएकी खोल जातो, शेततळ्याचं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. पोहायला जरूर शिकवा, पण शिकवणारा माणूस पाण्यात हजर असेल अशा तलावातच. धरणावर गेलात तर मुलांचा हात सोडू नका.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. लागतो तो आई-वडिलांचा वेळ आणि पहाटे उठायची तयारी. म्हणून मोठी सहल जमेल तेव्हा जमो, यंदा एवढं तरी कराच. मे महिन्याच्या चोविसाव्या किंवा पंचविसाव्या दुपारी बाराला दहा कमी असताना लेकरांना हाक मारा, डोक्याला दुपट्टा बांधा, हातात पाण्याचा पेला द्या, आणि रिकामा झालेला पेला उन्हात उपडा ठेवून त्याची सावली नाहीशी होईपर्यंत त्यांच्या शेजारी थांबा.